चार सूत खाली आलेलं इंजिन

इंजिन स्टँडवरून पडलं नाही. चेन कप्पीचा हुक काढायचा कंटाळा केला होता म्हणून पडलं नाही, एवढंच. नाहीतर १८६ किलोचं ओतीव लोखंड फरशीवर आलं असतं आणि त्या वेळी सम्पचे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचे बोल्ट खोलायला खाली बसलेल्या, गॅरेजात कामाला असलेल्या पोराचा हात मधे असता.

प्रकरण माझ्या भाच्याच्या गॅरेजमधलं. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून आत दोन वळणं घेतली की त्याची शेड लागते. मी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरीची सगळी वर्षं काढली. आता निवृत्त आहे आणि आठवड्यातून दोन-तीनदा त्याच्याकडे जाऊन बसतो. त्याला वाटतं मामाचा वेळ जात नाही म्हणून येतो. ते खरंच आहे, पण हात शिवशिवतात हेही खरं.

गाडी दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची, २००३ सालची टोयोटा क्वालिस. तिच्यातलं २४४६ सीसीचं २एल डिझेल इंजिन ऑइल प्यायला लागलं होतं आणि सकाळी चालू करताना शेडभर निळा धूर करत होतं. पूर्ण काम काढायचं ठरलं. मालकाला गाडी ऑक्टोबर छाटणीच्या आत हवी होती. म्हणजे घाई होती, आणि या प्रकरणातल्या निम्म्या चुका घाईच्याच आहेत.

स्टँड भाच्याने एका बंद झालेल्या गॅरेजमधून स्वस्तात उचललेला. तीन चाकं, मागे उभा खांब, खांबावर फिरणारी जाड प्लेट आणि प्लेटवर पुढेमागे सरकणारे चार हात. प्रत्येक हाताच्या टोकाला ६० मिलिमीटर लांबीचा पाइप वेल्ड केलेला, आतून १३ मिलिमीटरचं भोक. इंजिनाच्या मागच्या तोंडाला, जिथे गिअरबॉक्सची घंटा, म्हणजे क्लचवरचं घंटेच्या आकाराचं कवच बसतं तिथल्या भोकांत या पाइपांमधून बोल्ट घालायचे आणि आवळायचे. क्लच आणि फ्लायव्हील आधी काढायचं, नाहीतर प्लेट बसतच नाही. इंजिन असं एका टोकाला धरलेलं, भिंतीत ठोकलेल्या फळीसारखं हवेत राहतं आणि हँडलने हवं तसं फिरवता येतं. सोय मोठी आहे. फक्त सगळं वजन त्या चार बोल्टांवर.

आता कुणी विचारेल, गिअरबॉक्सचे मूळचे बोल्ट होते ना, तेच का नाही लावले? कारण ते आखूड. घंटेची कड जेवढी जाड, त्या हिशोबाने कंपनीने बनवलेले. मधे ६० मिलिमीटरचा पाइप आला की ते ब्लॉकपर्यंत पोचतच नाहीत. स्टँडला इंजिन चढवायचं म्हटलं की बोल्ट नवीन आणावे लागतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तीन चकरा

पहिल्या चकरेला पोरगा भद्रकालीत हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि म्हणाला, “सतराचे चार बोल्ट द्या, साडेतीन इंच लांब.” कारण मूळच्या बोल्टाला सतराचा पाना लागत होता. दुकानदाराने सतराच्या डोक्याचे बोल्ट दिले. ते होते एम-१०, म्हणजे दहा मिलिमीटर जाडीचे, आणि भोकं बाराची. भोकात घातले तर खुळखुळ्यासारखे वाजले.

यात दुकानदाराचं काही चुकलं नाही. बाजारात सर्रास मिळणाऱ्या जुन्या जर्मन मापाच्या बोल्टांत एम-१०चं डोकं १७ असतं आणि एम-१२चं १९. जपानी गाड्यांत मात्र डोकी एकेक पायरी लहान: एम-१०ला १४, एम-१२ला १७. पान्याचा नंबर डोक्याचं माप सांगतो, आट्यांचं नाही. आपल्याकडे गॅरेजात सगळे पान्याच्याच भाषेत बोलतात, “तेराचा काढ, चौदाचा लाव,” आणि गाडीवरच्या गाडीवर ते चालूनही जातं. दुकानात चालत नाही.

दुसऱ्या चकरेला एम-१२ आला. तोही हाताने दीड फेरा गेला आणि अडकला. भाच्याने तिथे हात आवरला, हे त्याचं शहाणपण. बोल्ट होता पावणेदोनाचा आणि भोक होतं सव्वाचं.

हे ज्यांना रोजचं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. एम-१२ला साधा, म्हणजे जाड आट्यांचा पिच १.७५ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात ‘बारा एमएम’ म्हटलं की हाच मिळतो, कारण शेडची कैची, गेट, पंपाचं फाउंडेशन यांना तोच लागतो. बारीक आट्यांत १.५ आणि १.२५ असे दोन. जपानी इंजिनांत १.२५ फार. एम-१०चंही तसंच, साधा दीडाचा आणि बारीक सव्वाचा. बोल्टाची जाडी सारखी, दिसायला सारखा, आणि भोकात मात्र जात नाही. निदान एम-१२चा पावणेदोन आणि सव्वा यांत फरक एवढा आहे की तो लगेच अडतो. एम-१०चा दीड आणि सव्वा यांत फरक फक्त पाव मिलिमीटरचा. तो दोन-तीन फेरे गोडीत जातो, मग जरा घट्ट लागतो, आणि हाताशी इम्पॅक्ट गन (झटके देत बोल्ट आवळणारं यंत्र) असलेल्या माणसाला वाटतं, गंज असेल.

तिसऱ्या चकरेला भाचा स्वतः अंबडला कारखान्यांना फास्टनर पुरवणाऱ्या दुकानात गेला. नाशिकचं हे एक सुख आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे जे बोल्ट दुसऱ्या गावात मागवावे लागतात ते इथे काउंटरवर मिळतात. तिथे त्याला एम-१२, सव्वाचे, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा कोरलेले, ९० मिलिमीटर लांबीचे बोल्ट मिळाले. त्याने तीन घेतले. चौथं भोक एम-१०चं होतं. त्याला सव्वाचा बोल्ट त्या दिवशी दुकानात नव्हता. संध्याकाळ झाली होती, पावसाची भुरभुर सुरू होती, आणि पहिल्या चकरेतले दीडाचे एम-१० बोल्ट गॅरेजात पडलेच होते.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. पोराने तो हाताने दोन फेरे फिरवला आणि मग गन लावली.

घडलं काय

इंजिन संध्याकाळी स्टँडवर बसलं. चारही बोल्ट घट्ट लागत होते. भाच्याने स्वतः पाना लावून पाहिला, एकही हलला नाही. रात्रभर तसंच राहिलं, काही झालं नाही. सकाळी हेड उतरवलं, तेव्हाही काही झालं नाही. मग सम्प काढायला म्हणून इंजिन फिरवून उजवी कड वर घेतली. कप्पीचा हुक अजून पुढच्या लिफ्टिंग ब्रॅकेटमध्ये होता, साखळी जरा सैल सोडलेली.

अर्धी फेरी व्हायच्या आत टक्कन आवाज झाला आणि इंजिनाचं नाक चार सूत खाली आलं. चार सूत म्हणजे अर्धा इंच. साखळी ताणली गेली आणि तिथेच थांबलं. पोरगा मागे सरकला, त्याच्या हातातला पाना फरशीवर वाजला. मी आलो तेव्हा इंजिन तसंच लटकत होतं आणि दोघंही त्याच्याकडे पाहत उभे होते.

भाचा म्हणाला, “मामा, बोल्ट तर घट्ट होते. मी स्वतः बघितले.”

खोटं नव्हतं ते. बोल्ट घट्टच होते.

बोल्ट काढून पाहिले तेव्हा

साखळी ओढून वजन कप्पीवर घेतलं आणि एकेक बोल्ट मोजून काढला. असं काही झालं की आधी दुरुस्तीला हात घालायचा नाही, आधी लिहून घ्यायचं, ही टूलरूमची सवय. फ्लायव्हीलच्या बाजूने इंजिनाकडे पाहताना डावीकडचे दोन, वरचा आणि खालचा, ठणठणीत होते. सोडवताना चांगला जोर लागला आणि पहिल्या पाव फेऱ्यात ताण सुटल्याचा तो ओळखीचा ‘कट’ आवाज आला.

उजवीकडच्या खालच्या बोल्टाला काढायची गरजच नव्हती. तो दीडाचा एम-१०. भोकातून निघून पाइपात वाकडा होऊन अडकला होता. त्याच्या टोकाच्या तीन-चार आट्यांची चाळण झाली होती. डोक्यावर काहीही कोरलेलं नव्हतं. भोकात बॅटरी मारून पाहिलं तर तोंडाशी साधारण पाच मिलिमीटरपर्यंत आटे दुखावलेले, आत चांगले. बोल्ट मऊ होता म्हणून ओतीव लोखंड वाचलं, स्वतःच खाल्ला गेला. कडक बोल्ट असता तर ब्लॉकचं भोक गेलं असतं, आणि मग चार बोल्टांचा प्रश्न उरला नसता.

पण या प्रकरणाचा खरा धडा उजवीकडच्या वरच्या बोल्टात होता. योग्य जाडीचा, योग्य आट्यांचा, ८.८चा, नवाकोरा. आवळलेला. आणि तरीही तो काहीच धरत नव्हता.

त्याच्याखाली एक साधा वायसर आणि एक स्प्रिंग वायसर होता. मी फटी मोजायच्या फीलर गेजची पाती घेतली आणि स्प्रिंग वायसरच्या फटीत सरकवली. दीड मिलिमीटरची फट. बाकीच्या दोन बोल्टांचे स्प्रिंग वायसर दाबून सपाट झालेले, याचा उघडा. पाइप हाताने हलवला तर किंचित हलत होता. बोल्ट मात्र जागचा ढिम्म.

हिशोब असा. बोल्ट ९० लांब. पाइप ६०, साधा वायसर अडीच, स्प्रिंग वायसर दाबल्यावर अडीच, म्हणजे ६५. उरले २५, ते ब्लॉकमध्ये जायला हवेत. डाव्या दोन भोकांत तेवढी जागा होती. उजव्या वरच्या भोकात मी सायकलचा स्पोक घातला, कडेशी नखाने धरला, बाहेर काढून व्हर्नियरने मोजला: साडेतेवीस. भोक पलीकडे आरपार नव्हतं. तळाशी जुना गंज आणि काळी ऑइलची काजळी दगडासारखी बसलेली. बोल्टाचं टोक त्या तळाला जाऊन टेकलं आणि तिथेच आवळलं गेलं. पान्याला जो घट्टपणा लागला तो टोक तळाला टेकल्याचा. डोकं पाइपाला दाबतच नव्हतं. मधे स्प्रिंग वायसर होता म्हणून फट डोळ्यांना दिसली नाही. तो नुसता वाटेत भरून राहिला.

स्प्रिंग वायसरवर माझा तसाही राग आहे. जिथे फट दिसायला हवी तिथे तो ती झाकतो. तो नसता आणि खाली एकच जाड कडक वायसर असता, तर पोराला सहज हलणारा वायसर दिसला असता आणि त्याने लगेच विचारलं असतं.

वजन किती आणि ताण किती

भाच्याचं म्हणणं, बोल्ट जाड हवे होते. मला ते पटेना, म्हणून मी वहीत मांडून पाहिलं. इंजिनाचं वजन आम्ही नंतर शेजारच्या कांद्याच्या वखारीतला लटकता इलेक्ट्रॉनिक काटा आणून कप्पीला लावून घेतलं. स्टार्टर, अल्टरनेटर, फ्लायव्हील काढून १८६ किलो. वजनाचा मध्य प्लेटपासून साधारण ३०० मिलिमीटर पुढे धरला. वरच्या आणि खालच्या बोल्टांत अंतर २२० मिलिमीटर. तेवढ्यावरून वरच्या दोन बोल्टांवर ओढ येते प्रत्येकी सव्वाशे किलोच्या आसपास.

एम-१२, सव्वाचा, ८.८चा बोल्ट पाच टनांची ओढ सहज सोसतो. म्हणजे ओढीच्या हिशोबाने इथे चाळीसपट ताकद पडून आहे. जाड बोल्टाची गरजच नाही. मग वाकला का?

कारण वाकण्याचा हिशोब वेगळा. बोल्ट नीट आवळला की पाइप ब्लॉकवर दाबून बसतो आणि दोन्ही मिळून एकच तुकडा झाल्यासारखे वागतात. वजन पाइपाच्या तोंडावरच्या घर्षणाने उचललं जातं, बोल्ट फक्त ओढून धरतो. पण पकड नसेल तर पाइप बोल्टावर नुसता अडकवलेला. मग तोच बोल्ट ६० मिलिमीटर लांबीचा, एका टोकाला धरलेला खुंटा होतो आणि इंजिन त्याच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं. चौघांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ४६ किलो, ६० मिलिमीटर लांब. आट्यांच्या मुळाशी एम-१२, सव्वाच्या बोल्टात त्याने साधारण २४३ मेगापास्कलचा ताण येतो. दीडाच्या एम-१०मध्ये तेवढ्याच वजनाने ५१०च्या वर जातो, कारण वाकताना जाडीचा घन मोजला जातो, दोन मिलिमीटर कमी झाले की ताकद निम्म्यावर येते.

आता डोक्यावरच्या आकड्याचा अर्थ इथे कामाला येतो. ८.८ मधला पहिला ८ सांगतो की बोल्ट तुटायला निदान ८०० मेगापास्कल लागतात, दुसरा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४०ला, तो कायमचा वाकायला लागतो. काहीच न कोरलेला साधा बोल्ट बहुधा ४.६च्या जातीचा: ४००ला तुटतो, २४०ला वाकतो. ५१० मेगापास्कलखाली २४०चा बोल्ट. तो रात्रभर टिकला हेच आश्चर्य. फिरवताना उजवी कड वर आली, ओढ नेमकी त्या दोन खोट्या बोल्टांवर गेली आणि एम-१०चे तीन आटे निसटले.

हा ढोबळ हिशोब आहे, कागदावरचा. इंजिन फिरवताना झटके बसतात, हेडचे बोल्ट लांब पान्याने सोडताना अजून बसतात. पण दिशा कळायला तो पुरतो. पकड असेल तर मध्यम बोल्टही पुरून उरतो. पकड नसेल तर जाड बोल्ट फक्त उशिरा वाकतो.

मग कोणते बोल्ट घेतले

आधी भोकं. आटे पाडायच्या सव्वाच्या टॅपच्या संचातला तिसरा, म्हणजे टोकापर्यंत आटे असलेला, तेल लावून हाताने एकेक भोकात फिरवला. जिथे अडतोय वाटलं तिथे अर्धा फेरा मागे घेतला. हवा मारली तर उजव्या भोकातून काळा चुरा डोळ्यांत यावा इतका उडाला. चष्मा घाला. साफ झाल्यावर स्पोक ३० मिलिमीटर आत गेला. एम-१०च्या भोकालाही सव्वाचा टॅप मारला, मूळचा चौदाच्या डोक्याचा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला. गिअरबॉक्स परत बसवताना ते भोक चालेल, हेलिकॉइल, म्हणजे खराब भोकात बसवायची आट्यांची गुंडाळी, लागणार नाही. पण स्टँडसाठी ते सोडून दिलं. हात थोडा सरकवून बाजूचं एम-१२चं भोक धरलं. स्टँडचे हात सरकतात ते याचसाठी. चार भोकं कुठली, हे तुम्ही ठरवायचं असतं. शक्य तेवढी जाड, शक्य तेवढी लांब-लांब, आणि चौघांचा मध्य इंजिनाच्या वजनाच्या रेषेत येईल अशी, म्हणजे हँडल फिरवताना इंजिन भसकन उलटत नाही.

आट्यांची खात्री करायला पिच गेज असेल तर उत्तम. नसेल तर मूळचा बोल्ट आणि नवा बोल्ट आटे आट्यांत घालून उजेडासमोर धरायचे. मधून उजेड दिसला तर माप वेगळं. भाच्याला मी तिसरी रीत दाखवली, पट्टीवर दहा आटे मोजायची. सव्वाचे साडेबारा मिलिमीटरमध्ये संपतात, दीडाचे पंधरात, पावणेदोनाचे साडेसतरात. डोळ्यांना एकट्या आट्यातला फरक कळत नाही, दहांचा कळतो.

जुन्या जीपगाड्यांच्या इंजिनावर काम करणाऱ्यांना इथे आणखी एक खड्डा आहे. त्यांत इंची आटे असतात. तीन सूती बोल्ट साडेनऊ मिलिमीटरचा, इंचाला सोळा आटे. तो एम-१०, दीडाच्या भोकात किंचित ढिला पण बराच आत जातो आणि आवळताना दगा देतो. उलट दिशेने गेला तर भोक फाडतो. मूळचा बोल्ट खिशात घेऊन दुकानात जाणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

मूळच्या बोल्टाच्या डोक्यावर नुसता ७ कोरलेला होता. त्यावरून पोराने विचारलं, “मग सातचाच मागू का?” जपानी मोटारींच्या बोल्टांवर असा एकच आकडा असतो. ७ म्हणजे तुटायची ताकद ७०० मेगापास्कलच्या आसपास. आपल्या बाजारात त्याच्या वरची जवळची जात ८.८, तीच मागायची. १०.९ मिळाला तरी बिघडत नाही. १२.९चा अॅलन बोल्ट सातपूरला डाय-मोल्डवाल्यांमुळे कुठेही मिळतो आणि लोक तो मिरवायला लावतात, पण इथे त्याचा काही उपयोग नाही. आणि हार्डवेअरच्या दुकानातला पांढरा, लांबच लांब आट्यांचा दांडा कापून स्टड करायचा मोह टाळायचा. तो मऊ असतो.

आता लांबी, जिच्यावर हे सगळं फिरलं. पाइप ६० आणि वायसर एकच, जाड आणि कडक, ३ मिलिमीटरचा. मिळून ६३. ओतीव लोखंडात बोल्ट त्याच्या जाडीच्या सव्वा ते दीडपट आत हवा, म्हणजे एम-१२ला १५ ते १८ मिलिमीटर. ब्लॉक अॅल्युमिनियमचा असता तर दुप्पट, २४ धरले असते. ६३ आणि १७ मिळून ८०. बोल्ट ऐंशीचा.

भाच्याला ते पचेना. “नव्वदचा होता ना आपल्याकडे, जास्त आत गेलेला बराच की.” नव्वदचा २७ मिलिमीटर आत गेला असता. भोक ड्रिलने ३० खोल आहे खरं, पण टॅपचे पूर्ण आटे तळापर्यंत कधीच नसतात. शेवटचे तीन-चार मिलिमीटर अर्धवट असतात. म्हणजे नव्वदचा पुन्हा तिथेच जाऊन अडकला असता. शंभरचा आणला असता तर आणखी गंमत. एवढ्या लांबीच्या अर्ध्या आट्यांच्या एम-१२ बोल्टाला आटे फक्त टोकाचे ३० मिलिमीटर असतात, वर कोरा दांडा. भोक हवं तेवढं खोल असतं तरी ३७ आत घालायला गेलो तर आटे संपतात, दांडा भोकाच्या तोंडाला अडतो आणि पाना पुन्हा सांगतो, घट्ट झालं.

अंबडला परत गेलो, या वेळी दोघं. काउंटरवर भाचा म्हणाला, “एम बारा, सव्वाचा, ऐंशी लांब, आठ-आठ, चार नग.” दुकानदाराने एक शब्द न विचारता समोर ठेवले. चार बोल्ट आणि चार कडक वायसर मिळून दोन माणसांच्या मिसळीएवढे पैसे झाले. येताना मिसळही खाल्ली.

बसवणं

बोल्ट आधी पाइपाशिवाय, नुसता ब्लॉकमध्ये हाताने घातला आणि मोजलं की तो १७ मिलिमीटरच्या पुढेही बोटांनी निर्वेध जातो का. चारही भोकांत २२पर्यंत गेला. याचा अर्थ पाइप लावून आवळताना तो तळाला टेकणं शक्य नाही. या एका चाचणीला दोन मिनिटं लागतात, आणि आदल्या दिवशी ती केली असती तर मला हे लिहायला काही विषयच नव्हता.

मग हात ढिले ठेवून चारही पाइप ब्लॉकच्या तोंडाला टेकवले, बोल्ट हाताने बसवले आणि प्लेटवरच्या हातांचे नट सगळ्यात शेवटी आवळले. आधी हात आवळून मग बोल्ट ओढले तर पाइप तिरका बसतो आणि एका कडेवर टेकतो. वायसर बोटाने फिरवून पाहिले, आवळायच्या आधी चारही फिरत होते. टॉर्क रेंच ७० न्यूटन-मीटरला लावून समोरासमोरचे बोल्ट दोन टप्प्यांत आवळले. तेवढ्यात एका बोल्टाची पकड तीन टनांच्या आसपास येते. ४.६चा बोल्ट इतका आवळला तर लांबून जातो, म्हणून साध्या बोल्टाला नीट पकडच देता येत नाही. जात इथेही लागते.

आवळल्यावर मी पोराला फीलर गेजची सगळ्यात पातळ पाती दिली. त्याने चारही पाइपांच्या तोंडाशी, वायसरखाली, सगळीकडे ती घालायचा प्रयत्न केला. कुठेच गेली नाही. मग साखळी एकदम नाही, बोटबोट सैल केली. नाकाखाली लाकडी ठोकळा ठेवला होता, त्याच्यात आणि पुलीत किती अंतर राहतं ते पाहत. दोन मिलिमीटर कमी झालं, तो स्टँडच्या खांबाचा लवचीकपणा, आणि थांबलं. इंजिन पूर्ण फिरवलं, दोन्ही बाजूंनी. हुक मी तरी काढू दिला नाही. क्रँक उतरेपर्यंत तो ढिला का होईना, अडकवलेलाच ठेवला.

काम अठरा दिवस चाललं. बोअरिंगवाल्याने चार दिवस जास्त घेतले, ते वेगळं. ब्लॉक परत स्टँडवर चढला तेव्हा तेच चार बोल्ट लागले आणि क्रँकचं मागचं सील मात्र इंजिन कप्पीला लटकवून, स्टँडवरून उतरवल्यावर बसवावं लागलं, कारण स्टँडची प्लेट तिथेच आडवी येते. छाटणीच्या दोन दिवस आधी गाडी दिंडोरीला गेली.

ते चार बोल्ट आता तारेने स्टँडच्याच खांबाला बांधलेले असतात आणि खांबावर पोराने रंगाने लिहिलंय: ‘क्वालिस, १२ सव्वा ८०’. त्याखाली दोन महिन्यांनी आणखी एका इंजिनाची ओळ आली, ती त्याने मला न विचारता मोजून लिहिली होती. मी गुपचूप स्पोक घालून तपासली. लांबी पाच मिलिमीटरने जास्त निघाली. भाच्याला सांगितलं, पोराला त्यानेच सांगावं म्हणून.

स्टँड अजून तोच, तीन चाकांचा. चौथं चाक वेल्ड करून घे म्हणून मी मागे लागलोय, आणि तो पुढच्या महिन्यावर ढकलतोय.